डोळ्यांना भावलेला गूळ

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शतकमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतसाहित्य, इतिहास, नाट्यसंगीत हे विषय येणार, हे ठरलेलेच असते. त्यांच्या पंक्तीत संयोजकांनी यंदा स्वयंपाकघरातल्या डब्यांनाही पाट मांडून दिला, याचा मला आनंद आहे. ‘रोजचे अन्न आणि आपले आरोग्य’ हा त्यांनी दिलेला विषय एका संध्याकाळी संपणारा नाही. म्हणून त्यातला एकच धागा मी हाती घेतो. तो धागा रंगाचा.

आपला हा सीमाभाग खाण्यापिण्याच्या दृष्टीने मोठा भाग्यवान आहे. चिकोडी-हुक्केरीकडे ऊस आहे. संकेश्वरची मिरची गडहिंग्लजच्या बाजारात आजही नावाने विचारली जाते. सांगलीची हळद हाकेच्या अंतरावर आहे, आणि बेळगावच्या कुंद्याची ओळख करून देण्याची गरज या सभागृहात तरी नाही. गूळ, तिखट, हळद या तीन डब्यांशिवाय आपली एकही आमटी होत नाही. आणि या तिन्ही वस्तू विकत घेताना आपण पहिल्यांदा काय पाहतो? गूळ पिवळाधमक आहे ना, तिखट लालभडक आहे ना, हळद झळझळीत आहे ना, एवढेच. वास नंतर, चव त्याहून नंतर. आपल्या ताटात जे नको ते शिरते, ते बहुतेक वेळा या डोळ्यांच्या वाटेने शिरते, असे माझे म्हणणे आहे.

गुळापासून सुरुवात करतो, कारण तो आपल्याला सर्वांत जवळचा. गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे वर्णन नवे नाही. पण शहरातल्या तरुण सभासदांनी गूळ पाहिलेला असतो तो बहुधा प्लॅस्टिकच्या वेष्टणात, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. उसाचा ताजा रस किंचित आंबट असतो. तो तसाच तापवला तर त्यातल्या साखरेचे विघटन होते आणि गूळ नीट बसत नाही, चिकट होतो. म्हणून काहिलीत रस पडला की त्यात बेताने चुन्याची निवळी घालतात. बेताने म्हणायचे कारण असे की चुना जास्त झाला की गूळ काळवंडतो. मग रस तापू लागला की भेंडीच्या झाडाची ठेचलेली ताटे पाण्यात कुस्करून काढलेला चिकट द्रव त्यात सोडतात. हा द्रव रसातली घाण धरून वर आणतो. ती मळी झाऱ्याने काढून टाकायची. खाली चुलवाणात चिपाडे धडधडत असतात. पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला, त्याची गोळी पाण्यात पडताच घट्ट झाली, की गुळव्या काहील उतरवण्याचा इशारा देतो. थर्मामीटर नसतानाच्या काळापासून हे तापमान त्याच्या बोटांना ठाऊक आहे. शंभर किलो उसातून गूळ मिळतो सुमारे दहा-बारा किलो.

या गुळाचा रंग कसा येईल, हे पुष्कळसे शेतातच ठरलेले असते. जमीन खारवट असेल, नत्राचे खत जास्त पडले असेल, ऊस तोडल्यावर दोन दिवस तसाच पडून राहिला असेल, तर गूळ काळपट होतो. उसाची जात चांगली असेल, जमीन निचऱ्याची असेल आणि गुळव्या जाणता असेल, तर कसलीही भुकटी न घालता सोनेरी गूळ निघतो. कोल्हापूरचा गूळ प्रसिद्धीला आला तो याच गुणावर. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची बाजारपेठ वसवली आणि त्या पेठेने गुळाचे नाव देशभर नेले. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. कोल्हापुरात ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, बेळगावात निजलिंगप्पा साखर संस्था आहे. तेव्हा या भागात ज्ञानाचा तुटवडा आहे, असे म्हणता येणार नाही.

तरीही गुऱ्हाळात एक भुकटी आलीच. तिला सगळे ‘हायड्रॉस’ म्हणतात. रसायनशास्त्रात ती सोडियम हायड्रोसल्फाइट. तिचे खरे घर म्हणजे कापड रंगवण्याचे कारखाने. रंगाईत आणि विरंजनात तिचा उपयोग होतो. उकळत्या रसात तिची ओंजळ पडली की काळपट पाक डोळ्यांदेखत उजळतो. त्या वेळी काहिलीतून गंधकाचा उग्र दर्प उठतो आणि तो सर्वांत आधी काहिलीशी उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीत जातो. गूळ खाणाऱ्याची चिंता आपण करतोच, पण गूळ करणाऱ्याचीही कोणी करावी, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

गुळात जे शिल्लक राहते ते गंधकाच्या सल्फाइट जातीच्या संयुगांच्या रूपाने. आपल्या अन्नविषयक नियमांनी गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला मर्यादा घातली आहे. ती दर किलोला ७० मिलिग्रॅम. काहिलीपाशी ओंजळीने भुकटी टाकणाऱ्याकडे मोजमापाचे साधन नसते, त्यामुळे ही मर्यादा पाळली गेली की ओलांडली गेली हे त्यालाही कळत नाही. निरोगी माणसाला थोड्या सल्फाइटने तात्काळ काही होत नाही. पण दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटमुळे धाप लागते, हे वैद्यकाला पक्के ठाऊक आहे. अमेरिकेने १९८६ साली कच्च्या खाण्याच्या फळांवर आणि भाज्यांवर सल्फाइट वापरण्यास बंदी घातली, ती अशा रुग्णांचे जीव धोक्यात आले म्हणूनच. शिवाय सल्फाइट ‘ब-१’ या जीवनसत्त्वाचा नाश करते.

आता याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण बाजार समितीत गुळाचे सौदे कसे होतात ते पाहा. रवा फोडला जातो, आतला रंग आणि कणी पाहिली जाते आणि बोली लागते. पिवळ्याला चढा भाव, काळ्याला उतरता. प्रयोगशाळेचा दाखला तिथे कोणी विचारीत नाही. वर्षभर राबून आणलेल्या मालाचा दर पाच-दहा मिनिटांत नुसत्या रंगावर ठरत असेल, तर शंभर रुपयांच्या भुकटीचा मोह त्याने का आवरावा? व्यापाऱ्याला विचारावे तर तो गुजरातेतल्या गिऱ्हाईकाकडे बोट दाखवतो, किरकोळ दुकानदार तुमच्या-आमच्याकडे. आणि दुकानदाराचे खोटे नाही. समोर दोन ढेपा ठेवल्या तर संक्रांतीच्या आठवड्यात आपला हात कोणत्या ढेपेकडे जातो, हे प्रत्येकाने मनाशी आठवून पाहावे.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. आपल्याकडच्या गुऱ्हाळांतला गूळ कोल्हापूरच्या पेठेत जातो, आणि पुष्कळदा तिथल्या नावानेच पुढे विकला जातो, अशी तिथल्या उत्पादकांची जुनी तक्रार आहे. माल एका राज्यात होतो, सौदा दुसऱ्यात, खाणारा तिसऱ्यात. नमुना सदोष निघाला तर मूळ काहिलीपर्यंत पोहोचायचे कोणी, हा प्रश्न दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांत लोंबकळत राहू शकतो. सीमाप्रश्नावर या सभागृहात आजवर पुष्कळ बोलले गेले असेल. गुळाच्या ढेपेचा सीमाप्रश्न त्यात बहुधा राहिला असावा.

अलीकडे वारे उलटे वाहू लागले आहे. ‘सेंद्रिय’, ‘रसायनविरहित’ अशी चिठ्ठी लावलेला गडद तपकिरी गूळ पिवळ्याहून महाग विकला जातो आणि सुशिक्षित गिऱ्हाईक तो आनंदाने घेते. इथेही सावध राहिले पाहिजे. गूळ काळा आहे एवढ्यावरून तो शुद्ध ठरत नाही. तो खारवट जमिनीतल्या उसाचा असेल, करपलेला असेल, जुना असेल. इतकेच नव्हे, हायड्रॉसने उजळलेला रंग टिकाऊ नसतो; असा गूळ हवेवर राहून काही महिन्यांत पुन्हा काळवंडतो. म्हणजे ज्याला आपण शुद्धतेची खूण समजतो, ती जुन्या भेसळीची खूणही असू शकते. पिवळ्याच्या मोहातून सुटून काळ्याच्या मोहात पडणे म्हणजे डोळ्यांवरच विसंबून राहणे झाले.

गुळाच्या पौष्टिकतेबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. ‘गुळात लोह भरपूर’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो आणि अशक्त सुनेला, बाळंतिणीला गूळ-शेंगदाणे देतो. देण्याला हरकत नाही, पण हिशेब नीट हवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांनुसार शंभर ग्रॅम गुळात लोह आहे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास. शंभर ग्रॅम गूळ दिवसाला कोणी खात नाही, आणि खाऊही नये. दहा-पंधरा ग्रॅमच्या खड्यातून मिळते ते अर्धा-पाऊण मिलिग्रॅम, आणि त्यातलेही थोडेच रक्तात उतरते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ४८ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. त्यांचे रक्त गुळाच्या खड्याने वाढणार नाही. पालेभाजी, कडधान्य, त्यावर पिळलेले लिंबू, आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या हाच त्यावरचा मार्ग. मधुमेही मंडळी साखर सोडून गुळाचा चहा घेतात आणि निश्चिंत होतात, त्यांनाही सांगायला हवे की गुळाचा मोठा भाग साखरच आहे. गूळ मला प्रिय आहे. पण प्रिय वस्तूला औषध म्हणण्याची गरज नसते.

तिखटाकडे वळतो. संकेश्वरी मिरची चवीला आणि वासाला अस्सल, पण तिचा रंग फार गडद नव्हे. गडद रंग ब्याडगीचा, आणि ती फारशी तिखट नसते. म्हणून जाणत्या बायका उन्हाळ्यात दोन्ही मिरच्या मिसळून कांडपावर नेतात. तिखटपणा एकीचा, रंग दुसरीचा. रंग प्रामाणिकपणे मिळवण्याची ही रीत आपल्या घराघरांत आहे. तिला लागतो पैसा आणि वेळ. ज्याला दोन्ही वाचवायचे आहेत तो ‘सुदान’ जातीच्या रंगाकडे जातो. हा रंग तेले, मेणे आणि पॉलिश रंगवण्यासाठी बनलेला; प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचा कर्करोगाशी संबंध दिसल्याने अन्नात तो सर्वत्र निषिद्ध आहे. २००३ साली फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या तिखटात हा रंग सापडला आणि युरोपने आपल्या मिरचीवर तपासणीचे निर्बंध घातले. २००५ साली तर ब्रिटनमध्ये एका सॉसमध्ये पडलेल्या अशा तिखटापायी चारशेहून अधिक तयार पदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. परदेशी गिऱ्हाईकाने नकार दिला तेव्हा निर्यातीच्या मालाची तपासणी कडक झाली. घरच्या बाजारातल्या गिऱ्हाईकाने नकार दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हळदीची कथा याहून शिकवण देणारी आहे, आणि ती बांगलादेशातली आहे. तिथे १९८० च्या दशकात महापुरांत हळद भिजली, तिचा रंग उतरला. गिऱ्हाईक घेईना, म्हणून हळकुंडांना लेड क्रोमेट हे पिवळे रंगद्रव्य चोळण्याची प्रथा पडली. त्यात शिसे असते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही. पूर ओसरला, प्रथा मात्र राहिली. ग्रामीण भागातल्या गर्भवतींच्या रक्तात शिसे का सापडते याचा शोध घेताना संशोधक २०१९ साली हळदीपाशी येऊन पोहोचले. मग सरकारने ढाक्याच्या घाऊक बाजारात धाड घातली, तपासणीचे यंत्र जागेवर नेले, व्यापाऱ्यांना दंड केला, बाजारोबाज पत्रके वाटली. २०१९ मध्ये हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत ही भेसळ होती; २०२१ मध्ये एकाही नमुन्यात ती आढळली नाही. त्या देशाने दोन वर्षांत हे केले. आपल्या नियमांतही हळदीत लेड क्रोमेट मुळीच असता कामा नये, असे स्पष्ट लिहिलेले आहे.

आपल्या राज्यातही असा एक प्रसंग घडून गेला. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियन आणि साखरेचा कापूस, ज्याला मुले ‘बुढ्ढी के बाल’ म्हणतात, यांत कृत्रिम रंग वापरण्यास मनाई केली. त्याआधी तपासलेल्या गोबीच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ आणि कापसाच्या २५ पैकी १५ नमुने असुरक्षित रंगांचे निघाले होते. कापसातला गुलाबी रंग होता ऱ्होडामाइन-बी, तोही मूळचा कापड रंगवण्याचा. जूनमध्ये कबाबांवरही तीच बंदी आली. शिक्षा कैद आणि दंड अशी. बंदीनंतर काही दिवस गाड्यांवरची गोबी फिकट दिसू लागली आणि गिऱ्हाईक तक्रार करू लागले की आता पूर्वीची मजा नाही! चव तीच होती, फक्त रंग गेला होता.

गिऱ्हाईकाचा डोळा कधी सुधारतच नाही, असे मात्र मला वाटत नाही. आपला कुंदाच पाहा. दूध आणि साखर दोन्ही पांढरी, पण पांढरा कुंदा बेळगावकर हातात धरणार नाही. दूध मंद आचेवर तासन्‌तास आटवले, खवा परतत राहिले, तरच तो खमंग तपकिरी रंग येतो, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. पदार्थ कसा होतो हे गिऱ्हाईकाला ठाऊक असले की त्याच्या डोळ्यांना फसवणे अवघड जाते. जे ज्ञान आपल्याला कुंद्याबद्दल आहे, ते गुळाबद्दल का असू नये? गुऱ्हाळे तर बेळगावच्या हलवायांच्या भट्ट्यांहून दूर नाहीत.

घरगुती परीक्षांबद्दल हमखास विचारणा होते, म्हणून सांगतो. पाण्याच्या पेल्यात चिमूटभर तिखट सोडा; लाल रेघा पाण्यात उतरू लागल्या तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग आहे, कारण मिरचीचा स्वतःचा रंग पाण्यात असा उतरत नाही. पण सुदान रंगही पाण्यात विरघळत नाही, तेव्हा या परीक्षेत उत्तीर्ण झालेले तिखट निर्दोष आहे असे समजू नये. गूळ पाण्यात विरघळवून तळाशी पांढरा साका बसला तर खडूची भुकटी असल्याचा संशय घ्यावा. आम्ल टाकल्यावर फसफसले तर धुण्याचा सोडा असू शकतो. मात्र खाण्याच्या दर्जाचा सोडा रस निवळण्यासाठी नियमांना मान्य आहे, म्हणून नुसत्या फसफसण्यावरून कोणावर आरोप करू नये. हायड्रॉस ओळखण्याची खात्रीची घरगुती परीक्षा नाही. खव्यावर आयोडीनचा थेंब टाकून तो निळा झाला तर त्यात पीठ आहे, ही परीक्षा मात्र सोपी आणि भरवशाची. दुधाच्या बाबतीत लोकांची भीती वस्तुस्थितीहून मोठी आहे. २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळीमुळे असुरक्षित निघाले ते अवघे १२. त्याहून चिंतेची गोष्ट म्हणजे बुरशी लागलेल्या चाऱ्यातून आणि पेंडीतून दुधात उतरणारे अफ्लाटॉक्सिन हे विष. ते ३६८ नमुन्यांत मर्यादेबाहेर होते. भेसळ म्हटली की आपल्याला खलनायक हवा असतो. ओल्या पेंडीच्या पोत्यात तो सापडत नाही, म्हणून तिकडे आपले लक्षही जात नाही.

शेवटी कायद्याचे एक कलम सांगतो, कारण ते फारसे कोणी वापरत नाही. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून गेला आणि २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा त्याच्या जागी आला. हा संबंध देशाला एकच आहे, कागल ओलांडल्याने बदलत नाही. त्याच्या ४० व्या कलमाने अन्न विकत घेणाऱ्या कोणालाही, अधिकारी नसतानाही, आपला नमुना ठरलेले शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडे तपासून घेता येतो. मात्र खरेदीच्या वेळी विक्रेत्याला तसे सांगावे लागते. नमुना सदोष निघाला तर शुल्क परत मिळते. एकट्या गृहिणीला ही धावपळ अवघड आहे, पण शंभर वर्षे वर्गणी गोळा करून ग्रंथ विकत घेणाऱ्या संस्थेला नाही. संक्रांतीआधी गावातल्या चार-पाच दुकानांतला गूळ आणि एप्रिलमध्ये सुटे तिखट सभासदांच्या वर्गणीतून तपासून घ्यावे, आणि अहवाल, चांगला असो वा वाईट, वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळच्या फलकावर लावावा, अशी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे ठेवतो. नमुने घेताना पावती मागायला मात्र विसरू नये. तिच्याशिवाय पुढचे काहीच होत नाही.